दिवसभर बसूनही पेपरात आठवत नाही? कुठे अडलंय ते शोधायचा क्रम

लक्षणं

खालच्यापैकी तीन-चार गोष्टी तुमच्या बाबतीत खऱ्या असतील तर हे तुमच्यासाठी लिहिलंय.

- सकाळी नऊला बसता, रात्री आठला उठता. घरून फोन येतो, "आज काय केलंस?" धड्याचं नाव सांगता येतं, धड्यातलं काही सांगता येत नाही.
- वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. पेपरात ते पान डोळ्यांसमोर येतं, आकृती डाव्या बाजूला होती हेही आठवतं, आकृतीत काय होतं ते आठवत नाही.
- सोडवलेलं उदाहरण कळतं. तेच आकडे बदलून आलं की पेन थांबतं.
- पहिलं युनिट चार वेळा झालेलं असतं, सहावं एकदाही नाही.
- दर सोमवारी नवीन वेळापत्रक, बुधवारी ते मोडलेलं.
- पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली की पहिले चार दिवस नोट्स जमवण्यात आणि झेरॉक्सच्या रांगेत जातात.
- रात्री दोनपर्यंत जागरण, आणि सकाळच्या लेक्चरला पेन हातात धरून डुलक्या.

नाशिकला अशोक स्तंभाजवळ मी अकरा वर्षं अभ्यासिका चालवते आहे. बत्तीस खुर्च्या, एक कूलर, दाराशी हजेरीवही. त्याआधी सात वर्षं इंजिनिअरिंगच्या राहिलेल्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. मुलं सिन्नर, निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, सगळीकडची असतात. कुणी कॉट बेसिसवर राहतं, कुणी रोज एसटीने ये-जा करतं. दर ऑक्टोबरात आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये कुणीतरी माझ्या टेबलाशी उभं असतं आणि वाक्य ठरलेलं असतं: "ताई, बसतो, पण होत नाही."

वडील सोबत आले तर म्हणतात, "आळशी झालाय." मला ते पटत नाही. त्याच्या येण्या-जाण्याच्या वेळा माझ्या वहीत आहेत. दहा तास जो खुर्ची सोडत नाही त्याला आळशी कसं म्हणायचं? कष्ट चालू आहेत, पण ते जिथे लागायला हवेत तिथे लागत नाहीत, आणि हे त्याला आजवर कुणी बसून दाखवलेलं नाही.

विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर कुणी लगेच ती वर काढत नाही. आधी लाइट आहे का बघतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटर वर काढायची ती अगदी शेवटी, कारण त्याला माणसं लागतात आणि पैसे लागतात. इथेही तोच क्रम धरा. एका वेळी एकच गोष्ट बदला, सांगितलेत तेवढे दिवस पाळा, फरक पडला तर तिथेच थांबा. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि आठवड्याभरात चारही सुटतात.

१. फोन कुठे आहे? (खर्च शून्य, वेळ एक मिनिट)

पालथा घालून टेबलावर ठेवलेला फोन चालत नाही. खिशातलाही नाही. तो हात लांबवून मिळणार नाही, उठून जावं लागेल, अशा ठिकाणी हवा. माझ्याकडे दाराशी खणांचं कपाट आहे, तिथे ठेवायला सांगते. घरी असाल तर दुसऱ्या खोलीत, आईपाशी.

हे सगळ्यात आधी का? कारण फोन टेबलावर असेपर्यंत पुढची कुठलीच तपासणी खरी होत नाही. एखादी सिद्धता अर्ध्यावर आलेली असते, मेसेज बघायला दहा सेकंद लागतात, पण सिद्धतेत पुन्हा त्या ओळीवर यायला पहिल्यापासून वाचावं लागतं. दिवसाचे नऊ तास असेच पहिल्यापासून वाचण्यात जातात. "नोट्स फोनमध्येच आहेत" असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवसापुरती पानं छापून आणावीत.

तीन दिवस करून बघा. सुरुवातीला हात आपोआप खिशाकडे जातो, चौथ्या दिवशी तो कमी होतो.

२. बसल्यावर पहिली दहा मिनिटं काय करता? (खर्च एक चिठ्ठी)

मी दारातून बघत असते. मुलगा येतो, बॅग उघडतो, तीन पुस्तकं काढतो, एक परत ठेवतो, बाटली भरून आणतो, वेळापत्रक काढतो, रंगवतो. बघता बघता पाऊण तास गेलेला असतो. त्याला काम करायचं नसतं असं नाही, कुठून सुरू करायचं ते ठरलेलं नसतं.

उपाय आदल्या रात्रीचा. उठण्याआधी एका चिठ्ठीवर उद्याचं पहिलं काम लिहून पुस्तकात खोचून ठेवा. "एम-थ्री करणे" (एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) हे काम झालं नाही. "सकाळी ९ वाजता, त्याच खुर्चीवर, मागच्या डिसेंबरच्या पेपरातला प्रश्न ४ अ, पुस्तक न उघडता" हे काम झालं. कधी, कुठे आणि नेमकं काय हे आधी ठरवून ठेवणारी माणसं ठरवलेलं जास्त पार पाडतात, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलेलं आहे. माझ्याकडे त्यासाठी दाराशी जुन्या वह्यांच्या कापलेल्या चिठ्ठ्यांचा डबाच ठेवलाय.

वेळापत्रक मात्र आठवडाभराचं करू नका. महिन्याचं तर नकोच. एक चिठ्ठी, एक काम.

३. कोरा कागद (खर्च एक कागद आणि थोडं दुःख)

बहुतेकांचं काम इथे होतं, म्हणून हे सावकाश सांगते.

दोन वर्षांपूर्वी निफाडकडचा एक मुलगा होता, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचा. वहीत रोज साडेनऊ तास. चार रंगांचे हायलायटर, आणि पुस्तकाच्या पानावर पांढरी जागा शोधावी लागे. तीन विषय राहिले होते. मी त्याला म्हटलं, आत्ता जे वाचतोयस ते मिट. मागच्या वर्षाच्या कॅलेंडरचं एक पान काढून उलटं करून दिलं. "यावर लिही, जे वाचलंस ते. बघायचं नाही. दहा मिनिटं."

त्याने धड्याचं नाव लिहून त्याखाली रेघ मारली. मग एक व्याख्या, अर्धी. मग एक सूत्र, त्यातलं चिन्ह चुकलेलं. मग बराच वेळ पेनाचं टोपण काढ-घाल करत राहिला. दहा मिनिटांनी कागदावर चार ओळी होत्या. तो म्हणाला, "ताई, पण मी हे आत्ताच वाचलंय. तिसऱ्यांदा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही वाईट वाटलं, पण त्या दिवशी दोष कुठे आहे ते आम्हा दोघांना दिसलं.

ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रविवार कारंज्यावर एखादा चेहरा दिसतो, ओळखीचा वाटतो, हसून मानही हलवतो आपण, पण नाव काही येत नाही. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून पानाचा चेहरा ओळखीचा होतो. पेपर मात्र नाव विचारतो. डोक्यातून बाहेर काढायची सवय घरी लावलीच नसेल तर ती परीक्षेच्या तीन तासांत कुठून लागणार?

रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर हेच करून बघितलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. दुसऱ्या एका प्रयोगात तर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील असं वाटत होतं. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण वाचताना जे बरं वाटतं त्यावर विश्वास ठेवूनच मुलं फसतात.

पद्धत अशी. पंचवीस-तीस मिनिटं एक मुद्दा समजून वाचा. पुस्तक मिटा, नुसतं बाजूला सारू नका. कोऱ्या कागदावर दहा मिनिटं लिहा: व्याख्या, आकृती, सूत्र, पायऱ्या, जे येईल ते, अर्धवट आलं तरी. अडलात तरी दोन मिनिटं अडून राहा, लगेच पुस्तक उघडू नका. ते अडणंच कामाचं आहे. मग पुस्तक उघडा आणि जे राहिलं ते लाल पेनाने त्याच कागदावर भरा. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा वाचायचं नाही, फक्त लाल शाई बघायची आणि पुन्हा कोरा कागद घ्यायचा.

ज्यांना लिहायचा कंटाळा येतो त्यांनी बोलावं. सिन्नरहून येणारी एक मुलगी परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून मनातल्या मनात दिवसाचा धडा स्वतःला सांगायची, अडलेलं तळहातावर पेनाने टिपायची आणि घरी पोचल्यावर तेवढंच उघडून बघायची. तासाभराचा प्रवास तिच्यासाठी उजळणीचा तास झाला.

एक धोका आधीच सांगते. तिसऱ्या दिवशी सोडून द्यावंसं वाटेल. वाचताना पाणी उतारावरून जावं तसं जातं, आठवताना प्रत्येक ओळ उपसून काढावी लागते. "आधी दिवसाला तीस पानं व्हायची, आता आठच होतात," असं म्हणून मुलं परत हायलायटर उचलतात. आठच होऊ द्या. निफाडच्या त्या मुलाचा कागद बाराव्या दिवशी दोन्ही बाजूंनी भरला. त्याने तो मला न विचारता माझ्या टेबलावर आणून ठेवला होता, लाल शाई फक्त दोन ठिकाणी. तो कागद अजून माझ्या खणात आहे.

दोन आठवडे द्या या तपासणीला. आधीच्या दोन पायऱ्यांपेक्षा जास्त.

४. परत कधी बघता? (खर्च शून्य, पण तारखा लिहाव्या लागतात)

कागद भरतो, पण महिन्याने पुन्हा कोरा. असं होत असेल तर दोष उजळणीच्या तारखांत आहे.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली छापलं होतं की पाठ केलेलं आपण सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरतो, नंतर वेग मंदावतो. म्हणजे पहिली उजळणी पीएलपर्यंत ठेवली तर उजळायला फारसं उरलेलंच नसतं. द्राक्षाच्या बागेला महिन्याचं पाणी कुणी एका रात्रीत सोडत नाही. तितकंच पाणी, पण बेताबेताने. अभ्यासाचे तासही तितकेच ठेवा, फक्त पसरा: त्याच संध्याकाळी एकदा, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. दर वेळी कोरा कागद, वाचन नाही. कागदाच्या कोपऱ्यात पुढची तारीख लिहून ठेवा, म्हणजे डोक्यात ठेवावी लागत नाही.

व्याख्या, सूत्रं, कलमं, रासायनिक नावं अशा सुट्या गोष्टींसाठी मिठाईचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठ्याने त्याचे तीन कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्या कप्प्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. ही युक्ती १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी लोकांपुढे आणली, आणि आजची फोनवरची चिठ्ठ्यांची ॲप्सही मूळ याच विचारावर चालतात. मी खोकाच सांगते, कारण फोन आपण पहिल्या पायरीवर बाहेर ठेवलाय.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक खास गोष्ट. ज्यांना पुणे विद्यापीठाचा २०१९ पॅटर्न (त्या वर्षीचा अभ्यासक्रम) आहे त्यांची इनसेम, म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा, ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटवर, आणि एंडसेम, म्हणजे सत्राच्या शेवटची, ७० गुणांची, उरलेल्या चारांवर. त्यामुळे इनसेम झाली की पहिली दोन युनिटं मुलं मनातून काढून टाकतात. गणितात हे महागात पडतं. डिफरन्शिअल इक्वेशन सोडवता येत नसेल तर पुढे उष्णतेच्या समीकरणाशी पोचल्यावर पहिल्याच पायरीला अडता आणि वाटतं की सहावं युनिटच अवघड आहे.

५. गणित एकाच साच्यात घोटता का?

एका पद्धतीची वीस उदाहरणं ओळीने केली की विसावं डोळे मिटून येतं. पेपरात मात्र वर पद्धतीचं नाव लिहिलेलं नसतं. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या उदाहरणांवर हे मोजलं होतं. सराव करताना एकेक प्रकार सलग करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सगळे प्रकार मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० वर आले आणि मिसळून करणारे ६३ वर राहिले.

जुन्या पेपरांतले प्रश्न कापून स्टीलच्या डब्यात टाका. रोज पाच काढा. सोडवण्याआधी फक्त इतकं लिहा: कुठली पद्धत, आणि का. सोडवणं त्यानंतर.

६. झोप, चहा, ताट, डोळे

इथून पुढे पायऱ्या जड होत जातात, वेळही जास्त लागतो.

दिवसभर शिकलेलं पक्कं बसतं ते झोपेत. जागरण करून ज्या धड्यावर वेळ घालवला तोच धडा जागरणाने कच्चा राहतो. अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तास झोप लागते. मी रात्री दहाला अभ्यासिका बंद करते ती त्यासाठीच, आणि दरवर्षी कुणीतरी "चोवीस तास चालू ठेवा" म्हणून भांडतं. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला सीबीएसला (मध्यवर्ती बस स्थानकावर) जाऊन घेतलेला चहा पहाटेपर्यंत निम्मा शिल्लक असतो. दोन आठवडे उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीही, आणि दुपारी चारनंतर चहा बंद. झोपायची वेळ आपोआप लवकरची होते.

मेसच्या ताटात डाळीचं पाणी आणि बटाटा इतकंच येत असेल तर वरून शेंगदाणे, गूळ, मोड आलेली मटकी, जमेल तर अंडं घ्या. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि मुलं वडापाववर झोपतात. सोमवारी सकाळी तीच मुलं खुर्चीत कलंडलेली दिसतात.

सुरगाण्याकडची एक मुलगी बीएस्सीला होती. दुपारी बारा वाजले की डोकं टेबलावर. कोरा कागद, चिठ्ठी, सगळं ती मनापासून करत होती आणि तरी होत नव्हतं. जिना चढताना दम लागायचा तिला. मी म्हटलं, आधी रक्त तपास. हिमोग्लोबिन ८ निघालं, जे बाईमाणसाचं किमान १२ तरी हवं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन-अडीच महिन्यांत ती पूर्ण दुपार बसू लागली. तोवर सहा महिने ती स्वतःला मठ्ठ समजत होती, याचं मला आजही वाईट वाटतं. सतत थकवा, केस गळणं, दम लागणं असेल तर रक्ताची साधी तपासणी करून घ्या, डॉक्टर सांगतील तर थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा. वाचताना डोकं दुखत असेल, शेवटच्या बाकावरून फळा अंधुक दिसत असेल तर डोळे. या गोष्टी निश्चयाने बऱ्या होत नाहीत.

७. पाया कुठे सुटलाय?

वरचं सगळं प्रामाणिकपणे करूनही कागद कोराच राहतो, कारण मुळात वाचलेलं समजत नाही. न समजलेलं आठवणार कसं?

विषय राहिला असेल तर आधी विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. निकालानंतर त्याची मुदत असते, ती चुकवू नका. मुलं छायाप्रत फक्त गुण वाढवायला मागवतात. मी ती दोष शोधायला मागवायला लावते. लाल पेन कुठे थांबलं ते बघा. उत्तर लिहिलंच नाही? लिहिलं पण अर्धं? सगळं लिहिलं, पण विचारलेलं वेगळंच होतं?

हे शेवटचं मराठी माध्यमातून आलेल्या मुलांमध्ये फार दिसतं, आणि त्यात त्यांचा काही कमीपणा नाही. एका मुलाच्या छायाप्रतीत "जस्टिफाय" म्हणून विचारलेल्या प्रश्नाखाली पाठ केलेली सुंदर व्याख्या होती, अक्षर मोत्यासारखं, आणि गुण एक. त्याला विषय येत होता. त्या एका शब्दाला कारणं द्यायची असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून जुन्या पेपरांतली क्रियापदं आधी काढा: डिराइव्ह, जस्टिफाय, कम्पेअर, स्टेट, इलस्ट्रेट. प्रत्येकापुढे मराठीत लिहा, इथे परीक्षकाला काय हवंय. वीस शब्दांच्या आतच यादी संपते.

धडा वाचताना इंग्रजी परिच्छेद मराठीत स्वतःला समजावून सांगा, शेतावरची, घरातली उदाहरणं घेऊन, आणि मग उत्तर आपल्या साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. पुस्तकातलं लांब वाक्य पाठ करू नका, ते मधेच तुटलं की पुढचं सगळं तुटतं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची अडचण निराळी. पहिल्या वर्षाची दोन गणितं त्यांनी या कॉलेजात केलेलीच नसतात आणि तिसरं समोर येतं. प्रॅक्टिकलमध्ये ही मुलं वर्गात सगळ्यांच्या पुढे असतात, इंटिग्रेशन दिसलं की गप्प होतात. त्यांना मी पंधरा दिवस एम-थ्री बंद करायला लावते. बारावीचं गणिताचं पुस्तक घ्यायचं, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन ही दोनच प्रकरणं, रोज दीड तास. "आता मागे जायला वेळ कुठे आहे?" असं प्रत्येक जण विचारतो. मागे न गेल्यामुळे तिसऱ्यांदा परीक्षा देणारी मुलं मी बघितली आहेत, म्हणून हट्टाने पाठवते.

आणि सरांना विचारा. "सर, युनिट तीन कळलं नाही" असं नको. सोडवलेला कागद घेऊन जा आणि बोट ठेवा, "इथपर्यंत आलो, ही ओळ कशी आली?" असा कागद समोर आला की बहुतेक शिक्षक मधली सुट्टी सोडूनही समजावतात.

८. घर, पैसा, शिफ्ट

ऑक्टोबरात छाटणी निघाली की द्राक्षवाल्यांच्या घरून फोन येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडा. कुणी अंबड-सातपूरच्या कंपनीत रात्रपाळी करून सकाळी कॉलेजला येतं. अशा मुलाला आठ तासांचं वेळापत्रक देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला दोन तास आहेत, तर दोनच तासांचं बोलू: एक तास कोरा कागद, एक तास जुना पेपर, बाकी सगळं सोडून. घरी जायच्या तारखा आधीच माहीत असतात, त्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका, फक्त खोक्यातल्या चिठ्ठ्या सोबत न्या.

पैशांसाठी रात्रपाळी करत असाल तर त्याआधी हे तपासा. कॉलेजच्या विद्यार्थी विकास कक्षात कमवा व शिका योजनेची चौकशी करा. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी तपासा, पहिल्या वर्षी भरला म्हणून पुढे आपोआप चालू राहील असं धरू नका. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयंम योजना आहे. कागद जमवायला आठ दिवस जातील, पण रात्रपाळी सुटली तर वर्षभराची झोप परत मिळते.

इथे थांबा आणि माणूस गाठा

पुढचं काही दिसत असेल तर वरच्या पायऱ्या करत बसू नका. कुठल्याही पायरीवर असाल, तिथेच थांबा.

दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उतरलेलं, आवडीच्या गोष्टीही नकोशा, झोप आणि भूक बिघडलेली. पेपर हातात आल्यावर छातीत धडधड, हात गार, सगळं पुसल्यासारखं, आणि हे दर परीक्षेला. झोपेसाठी किंवा जागं राहण्यासाठी कुणाकडून तरी घेतलेल्या गोळ्या. रोज दारू. यावर अभ्यासाची कुठलीही पद्धत चालत नाही, कारण दोष अभ्यासात नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक लागतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लहानपणापासून अक्षरं उलटसुलट दिसत असतील, तोंडी सगळं येतं आणि लिहिताना मोडतं, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे. सरकारी रुग्णालयाचं नियमात बसणारं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळू शकतात. कॉलेजात येईपर्यंत हे कुणाच्या ध्यानात आलेलं नसतं, असं मी दोनदा बघितलंय.

आणि मरणाचे विचार येत असतील, "मी नसलो तर बरं" असं वाटत असेल, तर आज, आत्ता सांगा. टेली-मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. सोबत घरातल्या किंवा खोलीवरच्या एका माणसाला सांगा आणि त्या रात्री एकटे राहू नका. खोलीवरच्या मित्राबद्दल असं वाटत असेल तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने असले विचार डोक्यात येत नाहीत, उलट त्याला बोलायला वाट मिळते.

माझ्याकडच्या मुलांना मी अशा वेळी स्वतः घेऊन जाते. बाहेर बाकावर बसून राहते, आत काय बोलणं झालं ते विचारत नाही. नंतर एखादा महिनाभर घरी जातो, एखादा दोन महिने येत नाही. हजेरीवहीत त्याच्या नावापुढची जागा मी मोकळी सोडते, आणि त्याची खुर्ची तोवर कुणाला देत नाही.